वाटेतला पाय

चोपड्याहून जळगावला एसटीनं निघालो की सीट धरताना मला आधी हिशेब करावा लागतो. डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. म्हणून ड्रायव्हरच्या बाजूची सीट, तीही वाटेकडची. तिथून पाय सरळ वाटेत सोडता येतो. अडावदला गर्दी चढली की कुणीतरी म्हणतंच, "पाय आवर ना भो." मी मांडीवर थाप मारतो, "आवरत नाही. वेल्डिंग केलंय." मग जळगाव येईपर्यंत चौकशी.

तसं ते वेल्डिंगच. बसवलेल्या कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग झाला, दोनदा साफ करूनही हटला नाही. शेवटी सांधा काढला, मांडीचं हाड नि नडगी एकमेकांना भिडवली आणि आतून लांब सळई घातली. हाडं एकजीव व्हायला कित्येक महिने गेले. पाय थोडा, म्हणजे दहा-पंधरा अंश, वाकवून जोडलाय आणि दुसऱ्यापेक्षा सेंटीमीटरभर आखूड आहे. मला वाटलं, माप चुकलं. पण न वाकणारा पाय बरोबरीचा असला तर पुढे टाकताना जमिनीला घासतो. तेवढी तूट बरी असते म्हणे. केळीच्या बागेतल्या ढेकळांतून चालताना ते पटतं. दुखणं थांबलं, झोप लागते. वाकणं देऊन एवढं मिळालं.

मोज्याचं मात्र रोजचं युद्ध. नाडीचे दोन तुकडे, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. चिमटे मोज्याच्या काठाला लावायचे आणि पलंगावर बसून गळ टाकावा तसा मोजा खाली सोडायचा. अंगठा आत शिरला की हळूच ओढायचं. टाच हमखास वर येते. नखं बायको कापते आणि कापता कापता आठवडाभराची भांडणं उकरते. पाय तिच्या हातात, उठून जाणार कुठं?

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, बडगीत ठेचायची, सोबत कळण्याच्या पुऱ्या. पंगत अर्थातच जमिनीवर. माझ्यासाठी केळीचं रिकामं कॅरेट पालथं घालतात. पहिल्या वर्षी त्या उंचावर बसून घास उतरेना. लग्नात रुसून बसलेल्या पाहुण्यासारखं वाटत होतं. आता सवय झाली. शिवाय माझ्या वयाची मंडळी तासभर मांडी घालून बसतात खरी, पण उठायची वेळ आली की "आई गं" करत दोघं-तिघं माझाच खांदा धरतात.