व्हीआयमध्ये एकच ओळ दिसत होती

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. मेंटेनन्स विंडो, म्हणजे सर्व्हरवर काम करायला मिळालेली वेळ, तीनला संपणार होती आणि टीममधल्या नव्या मुलीचा फोन आला. "दादा, सोलारिसवर व्हीआय नीट उघडतच नाहीये. एकच ओळ दिसतेय. बाकीची फाइल गेली कुठे?"

सोलारिस ही युनिक्स जातीची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि व्हीआय हा तिच्यावर फाइली बदलायचा एडिटर. कुठली फाइल म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून झोपच उडाली. व्हीएफएसटॅब! मशीन बूट होताना कुठली डिस्क कुठे माउंट करायची, म्हणजे जोडायची, ते त्या फाइलीत लिहिलेलं असतं. तिथे एक ओळ बिघडली, तर पुढच्या रीबूटला सर्व्हर अर्ध्यावरच अडकून बसायचा.

"काहीही टाइप करू नकोस. एस्केप दाब, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. बाहेर ये आधी."

मग स्क्रीन शेअर करायला सांगितली. मेसेज तिथेच होता, तिने घाईत वाचला नव्हता : 'आय डोन्ट नो व्हॉट काइंड ऑफ टर्मिनल यू आर ऑन', आणि खाली 'युझिंग ओपन मोड'. तिला त्याच आठवड्यात नवा लॅपटॉप मिळाला होता आणि त्यावर तिने किटी हे टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, टाकलं होतं. दूरच्या मशीनवर लॉगिन करून देणारं एसएसएच लॉगिन करताना 'टर्म' या व्हेरिएबलमधलं टर्मिनलचं नाव पलीकडे पाठवतं. तिच्याकडून गेलं 'एक्सटर्म-किटी'. समोर सोलारिस १०, म्हणजे २००५ सालची सिस्टिम. किटी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं. त्या सिस्टिमच्या टर्मइन्फोमध्ये, म्हणजे टर्मिनलांच्या माहितीच्या यादीत, ते नाव असणार कुठून? स्क्रीन पुसायची कशी, कर्सर हलवायचा कसा, हे टर्मइन्फोतूनच कळतं. ते न कळल्यामुळे व्हीआय कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपच्या काळातल्या मोडमध्ये गेलं होतं. तिथे एका वेळी एकच ओळ दिसते. फाइल जागच्या जागी होती.

'टर्म'मधलं नाव बदलायला सांगितलं. तिने सवयीप्रमाणे एक्सपोर्ट ही कमांड आणि नवं नाव एकाच ओळीत लिहिलं. उत्तर आलं, 'इज नॉट ॲन आयडेंटिफायर'. सोलारिस १० वर रूटला, म्हणजे मुख्य ॲडमिन खात्याला, कमांड वाचणारा जुना बोर्न शेल मिळतो, त्याला हे चालत नाही. आधी 'टर्म'ला व्हीटी१०० द्यायचं, मग वेगळं एक्सपोर्ट करायचं. व्हीटी१०० हे डेक कंपनीचं १९७८ सालचं टर्मिनल. रंग नाहीत, पण जवळपास प्रत्येक युनिक्स त्याला ओळखतं. व्हीआय पूर्ण स्क्रीनभर उघडलं.

"दादा, हे एट्सी प्रोफाइलमध्येच टाकून देऊ का? परत कुणाला त्रास नको."

ती फाइल लॉगिन करणाऱ्या सगळ्यांनाच लागू होते. तिथे मात्र मी ठाम नाही म्हणालो. त्या मशीनवर दहा जण दहा ठिकाणांहून येतात. सर्व्हरवर एकच नाव ठोकून बसवलं की ज्यांचं नीट चाललंय त्यांचेही रंग जातात, आणि वर्षभराने कारण कुणालाच आठवत नाही. आपलं टर्मिनल कुठलं ते आपल्या बाजूनेच सांगावं. तिच्या लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये त्या एका होस्टपुरती, म्हणजे त्या एका सर्व्हरपुरती, 'सेटएन्व्ह' ही ओळ टाकली, 'टर्म'ची किंमत नुसती 'एक्सटर्म'. ओपनएसएसएच या एसएसएच प्रोग्रामच्या ८.७ आवृत्तीपासून हे चालतं. तिच्याकडचं त्याहून नवं होतं.

ती पुन्हा लॉगिन झाली. व्हीएफएसटॅब उघडली आणि नवी ओळ लिहिली. सेव्ह करण्याआधी मी तिला अख्खी फाइल वरपासून मोठ्याने वाचायला लावली. माउंट झालं तेव्हा दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.