अहवालातली गादी आणि कंबरेतले दुखणे

गेल्या पावसाळ्यात पाण्याची बादली उचलताना माझी कंबर धरली आणि चार दिवसांत कुणालाही न विचारता मी मणक्याचा एमआरआय काढून मोकळा झालो. एल ४ आणि एल ५ या, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या, मणक्यांमधल्या गादीला फुगवटा असून डावीकडच्या नसेवर किंचित दाब आहे, असे अहवालात होते. घरी त्याचा अर्थ ‘गादी सरकली’ असा लागला आणि शेजारच्या काकूंनी तर मणक्यात गॅप असल्याचेही ठरवून टाकले.

वास्तविक हे यंत्र दुखणे दाखवत नाही, ते मुख्यतः पाणी दाखवते. नेहमीच्या यंत्रातले १.५ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. त्यात शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी डिवचले की ती जो संकेत परत देतात, त्यावरून चित्र तयार होते. म्हणूनच टी-२ प्रकारच्या चित्रात पाणी धरून असलेली गादी उजळ दिसते आणि सुकलेली काळपट. एक्स-रेत तर गादी दिसतच नाही. माझ्या फिल्मवर वरच्या गाद्या पांढुरक्या होत्या, ही एकच करपलेल्या भाकरीसारखी.

पण काळी किंवा फुगलेली गादी दुखतेच असे नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या १९९४ च्या अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांपैकी ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा आढळला. गुडघ्याचीही तीच गत आहे: त्याच नियतकालिकातल्या २००८ च्या अभ्यासात, गुडघ्यातली कूर्चेची चकती फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात काहीही त्रास नव्हता.

डॉक्टरांनी लिफाफा बाजूला ठेवून आधी माझा पाय सरळ वर उचलून पाहिला, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावले, आणि मगच फिल्म उजेडासमोर धरली. मला दुखत होते उजवीकडे आणि अहवाल बोलत होता डाव्या बाजूबद्दल, हे तोवर कुणाच्याच, अगदी माझ्याही, लक्षात आले नव्हते! जांघेचा भाग बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर मात्र एमआरआयला एक दिवसही उशीर करू नये, असे त्यांनी बजावले. मला त्यांनी सहा आठवड्यांचा व्यायाम लिहून दिला आणि फिल्म परत लिफाफ्यात घातली.