आमची वाटचाल: फॉर्म भरण्याआधीचं काम

सीईटीचा निकाल लागला की मुलांचे कॅपचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, फॉर्म भरून द्यायचे, एवढ्यावर आमचं काम सुरू झालं. फॉर्म बिनचूक जायचे, पण शाखा कुणी विचार करून निवडलेली नसायची. म्हणून आता आम्ही मुलांना दहावीनंतरच, अकरावीचे विषय पक्के व्हायच्या आधी भेटतो. गणित सोडलं की इंजिनिअरिंग बंद होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बी.आर्क.ला, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीलाही गणित लागतं, हे मात्र बऱ्याच घरांत बारावीत कळतं.

शाखा ठरवताना आम्ही विद्यापीठाचा अभ्यासक्रम छापून देतो, आणि तोही तिसऱ्या वर्षाचा. पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं, त्यावरून काही कळत नाही. पाचव्या-सहाव्या सत्राचे विषय वाचून मुलानं प्रत्येकापुढे ‘हवा’ किंवा ‘नको’ लिहायचं. एआय हवं म्हणणाऱ्यानं संभाव्यता आणि लिनिअर अल्जिब्रापुढे काय लिहिलंय, ते आम्ही आधी बघतो. या कागदाला घाई करू नये. दोन-तीन दिवस घरी राहू द्यावा आणि पालकांनी त्यावर पेन चालवू नये.

मग कटऑफ. इथे सर्वांत जास्त गल्लत होते. कटऑफच्या यादीत प्रत्येक जागेला एक कोड असतो. ‘जी-ओपन-एच’ म्हणजे खुल्या गटातली, त्याच विद्यापीठक्षेत्रातल्या विद्यार्थ्यांची जागा. शेवटी एचऐवजी ओ असेल तर ती बाहेरच्या विद्यापीठक्षेत्राची, एस असेल तर राज्यपातळीची. सुरुवातीला एल असेल तर मुलींची. कोल्हापूरच्या मुलानं पुण्याच्या कॉलेजची एचची ओळ वाचली, तर सगळा अंदाजच चुकतो. टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे फीमाफीच्या जागांचा, चॉइस कोड वेगळा असतो, तो स्वतंत्र भरावा लागतो. त्यात माफ होते ती फक्त ट्यूशन फी, आणि पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. हे आम्ही दोनदा सांगतो.

ऑप्शन फॉर्मवर कॉलेज-शाखांचे पर्याय भरताना क्रम आवडीनंच लावायचा. ‘लागेल असं’ कॉलेज वर ठेवलं की तेच पदरात पडतं. २०२५-२६ पासून तर हे फारच महाग पडतं: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा लागला की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद. फॉर्मवर ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, पण आमचा वेळ जातो तो पहिल्या सहांवर. प्रत्येकाला एकच प्रश्न: हेच मिळालं आणि पुढे काहीच नाही, तर चालेल का? मूल जरा अडखळलं तरी तो पर्याय सहाच्या खाली जातो.

कागदपत्रांत घात होतो तो आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्यामुळे. दाखला असतो, पण मुदत गेल्या ३१ मार्चला संपलेली असते. प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत तो चालू हवा, नाहीतर मूल खुल्या गटात मोजलं जातं. म्हणून आमच्याकडे फाइल उघडताना गुणपत्रिकेच्या आधी त्या दाखल्यावरची तारीख वाचली जाते.