बार्लेतल्या फुल्या आणि ट्रिपचा शेवटचा दिवस

परदेशातला शेवटचा दिवस वायाच जातो असं माझं मत होतं. मन अर्धं बॅगेत आणि अर्धं घरी पोचलेलं असतं, दूधवाल्याला सोमवारपासून परत चालू कर म्हणून मेसेज टाकायचा असतो, शेजारच्या काकूंकडं दिलेली किल्ली, टाकीतलं पाणी, सगळं तिथं बसूनच आठवायला लागतं. अशा दिवशी कुठलं म्युझियम दाखवलं तरी डोक्यात काय शिरणार? म्हणून पुतण्यानं विचारलं, काकू उद्या परत एकदा ॲमस्टरडॅमला जायचं की इथंच जवळ कुठंतरी, तेव्हा मी पटकन जवळचं म्हणून मोकळी झाले. हा पुतण्या म्हणजे धाकट्या दिरांचा मुलगा, नेदरलँड्समधल्या आयंडहोव्हनला नोकरीला असतो आणि त्याच्या जिवावरच ही सगळी ट्रिप झाली. पॅरिस झालं, ब्रुसेल्स झालं, ट्युलिप्सचे फोटो काढून मोबाईल भरला, त्याबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी लिहीत नाही. पण शेवटच्या दिवशी जे गाव बघितलं ते मात्र आमच्या बेळगावच्या सीमाभागातल्या माणसानं बघायलाच पाहिजे असं आहे.

गावाचं नाव बार्ले. नेदरलँड्समध्ये आहे आणि बेल्जियममध्येपण आहे. म्हणजे गाव एकच, घरं एकमेकांना चिकटलेली, पण काही घरं नेदरलँड्सची आणि काही बेल्जियमची. डच भागाला म्हणायचं बार्ले-नासाऊ आणि बेल्जियन भागाला बार्ले-हेर्टोग. बेल्जियमची खरी हद्द गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटर लांब, आणि इथं नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे बावीस तुकडे पडलेत, त्यातल्या काही तुकड्यांच्या पोटात परत नेदरलँड्सचे तुकडे. नकाशा बघितला तर चार पिढ्या वाटण्या होत होत बारीक झालेल्या शेतासारखा दिसतो.

आणि शेताचंच प्रकरण आहे हे मुळात. ११९८ साली ब्राबांटच्या ड्यूकनं ब्रेडाच्या सरदाराला इथली जमीन दिली, पण ज्या कसलेल्या जमिनींवरून आपल्याला उत्पन्न येतंय त्या मात्र स्वतःकडं ठेवल्या. पड जमीन तुला, पिकणारी मला. (आमच्याकडंपण असे ड्यूक गल्लोगल्ली आहेत.) पुढं १८४३ साली बेल्जियम आणि नेदरलँड्सनी बसून हद्द ठरवली तेव्हा सगळीकडं रेघ मारता आली, पण बार्लेत आल्यावर कुणाला काही सुधरेना, मग त्यांनी काय केलं तर ५,७३२ प्लॉट एकेक करून लिहून काढले, हा तुझा, हा माझा. आपल्याकडं तलाठ्याला एका गटाची मोजणी करून द्या म्हटलं तर किती हेलपाटे पडतात ते ज्याला माहीत आहे त्यालाच या आकड्याचं कौतुक कळेल.

गाडी लावून खाली उतरलो तर फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांची ओळ. फुल्यांच्या एका बाजूला एनएल आणि दुसऱ्या बाजूला बी. ओळ सरळ जात नाही, फुटपाथवरून रस्त्यावर उतरते, एका दुकानाच्या काचेत घुसते, मागच्या गल्लीत परत निघते. माणसं सायकलवरून, पिशव्या घेऊन, कुत्रं घेऊन त्यावरून जातायत, खाली कुणी बघतपण नाही. बघणारे आम्हीच. ह्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "रस्त्यावर फुल्या मारल्यात, एवढंच की. ह्यासाठी पेट्रोल जाळून आणलास होय रे?"

पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही बेल्जियममध्ये आहात, काकू नेदरलँड्समध्ये आहेत. आता भांडून दाखवा."

आता माझी गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर मी तिथं का रमले ते कळणार नाही. माझं माहेर शिनोळीजवळचं, म्हणजे चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र. सासर उचगावकडचं, तालुका बेळगाव, कर्नाटक. आई पूर्वी चालत यायची मला भेटायला, डोक्यावर नाचण्याच्या पिठाची पिशवी घेऊन, एवढं जवळ. वेंगुर्ला रोडनं जाताना मधे काय फुल्याबिल्या नाहीत. पाट्यांवरची अक्षरं बदलतात, रस्त्याचा डांबर-खड्ड्यांचा हिशोब बदलतो, आणि पेट्रोल पंपावर महाराष्ट्राच्या नंबराच्या गाड्या दिसायला लागल्या की समजायचं कर्नाटकात आलो, कारण इकडं स्वस्त. मोबाईलचं तर विचारूच नका, पूर्वी रोमिंग लागायचं तेव्हा परसात उभं राहिलं की एक टॉवर आणि सोप्यात आलं की दुसरा, त्यामुळं माहेरचा फोन कुठं उभं राहून घ्यायचा तेपण ठरलेलं. बार्लेत फिरताना माझ्या फोनवर वेलकम टू बेल्जियम, वेलकम टू नेदरलँड्स असे मेसेज आलटून पालटून यायला लागले तेव्हा मला हसूच आलं, म्हटलं हे तर आपलंच आहे.

तिथली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पुढच्या दाराचा नियम. घर हद्दीवर आलं तर घर कुठल्या देशाचं? तर ज्या देशात पुढचं दार उघडतं त्या देशाचं. कर त्या देशाला, कायदा त्या देशाचा. घराच्या नंबराच्या पाटीवर छोटा झेंडा असतो त्यावरून ओळखायचं. मग लोकांनी डोकं चालवलंच, दार इकडून तिकडं हलवायचे प्रकार झालेत. एका म्हातारीची गोष्ट तिथं सगळे सांगतात, नव्या मोजणीत तिचं दार दुसऱ्या देशात निघालं, तिला आपला देश सोडायचा नव्हता, तर तिनं दाराच्या जागी खिडकी आणि खिडकीच्या जागी दार करून घेतलं. आणि एक घर तर असं आहे की हद्द बरोबर दारातूनच जाते, त्या घराला दोन नंबर आहेत, एक बेल्जियमचा, एक नेदरलँड्सचा. मी त्या दारासमोर किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, पुतण्या म्हणाला काकू आतली माणसं पोलीस बोलावतील, आणि दोन्हीकडचे येतील.

दोन्हीकडचे म्हणजे खरंच दोन्हीकडचे. दोन महापौर, दोन नगरपालिका, दोन पोलीस, दोन पोस्टखाती, आणि लोकसंख्या दोन्ही मिळून दहा हजाराच्या आसपास. युरो यायच्या आधी दुकानदार गल्ल्यात गिल्डरपण ठेवायचे आणि फ्रँकपण. फटाक्यांची दुकानं सगळी बेल्जियमच्या बाजूला, कारण नेदरलँड्समध्ये वर्षाच्या शेवटचे थोडे दिवसच फटाके विकायची परवानगी असायची, मग डच लोक बाकीचं वर्ष इथं येऊन घेऊन जायचे. कोरोनात तर एका कपड्याच्या दुकानात मधे पट्टी बांधून बेल्जियमची अर्धी बाजू बंद आणि डच बाजू चालू असं झालं होतं. आम्हाला हे ऐकून नवल नाही वाटलं, कोगनोळी नाक्यावर त्या काळात काय काय चालायचं ते निपाणीच्या माणसाला विचारा.

पहिल्या महायुद्धात आणखी गंमत. जर्मनांनी बेल्जियम जवळजवळ सगळा घेतला पण बार्ले-हेर्टोग घेता येईना, कारण तिथं जायचं तर मधला नेदरलँड्स ओलांडायला पाहिजे आणि तो तटस्थ. मग बेल्जियन लोकांनी १९१५ साली तिथं वायरलेसचं केंद्र उभं केलं. एवढ्या एवढ्याशा तुकड्यांवर देश जिवंत राहिला म्हणायचा.

दुपारी एका कॅफेत बसलो, तिथंपण अंगणातून फुल्या गेलेल्या. कॉफी घेता घेता ह्यांचा मूड आला आणि ह्यांनी हिशोब मांडला की आपलं घर शिनोळीच्या हद्दीवर असतं तर दार कुठं काढायचं. कर्नाटकात काढलं तर बायकांना बस फुकट, महाराष्ट्रात काढलं तर एसटीला अर्धं तिकीट. कर्नाटकात गृहलक्ष्मीचे दोन हजार, महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे दीड हजार. पेट्रोल इकडं. शाळा? इथं दोघंही गप्प झालो, कारण मुलांच्या शाळेवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झालीत तेवढी जमिनीवरून झाली नाहीत. मराठी शाळेत घातलं तर पुढं नोकरीला कन्नड येत नाही, कन्नडमध्ये घातलं तर आजीला पत्र लिहिता येत नाही, शेवटी इंग्लिश मीडियमला गेली आणि आता दोन्हीत चुका करतात. घराचा उतारा कन्नडमध्ये येतो, तो वाचून घ्यायला मी अजून समोरच्या हिरेमठ गल्लीतल्या अक्कांकडं जाते, आणि त्या टीव्हीवरची मराठी सिरियल कळली नाही की माझ्याकडं येतात. कचेरीत मात्र हे चालत नाही.

आता कुणी म्हणेल बघा तिथं कसं गुण्यागोविंदानं चाललंय आणि आपल्याकडं बघा. मला ते एवढं सरळ वाटत नाही. बार्लेत फुल्यांच्या दोन्ही बाजूला डचच बोलतात, भाषेचं भांडणच नाही, मग सोपंच आहे की. ह्याच बेल्जियममध्ये आत गेलं की डच आणि फ्रेंच वाल्यांचं काय चालतं ते आम्ही आदल्या आठवड्यात लूवेनला ऐकून आलो होतो. तिथलं शेकडो वर्षांचं विद्यापीठ १९६८ मध्ये भाषेवरून दोन झालं, फ्रेंचवाल्यांना उठवून नवीन गाव वसवून तिकडं पाठवलं, आणि लायब्ररीतल्या पुस्तकांच्या वाटण्या करताना बऱ्याच पुस्तकांचे नंबर बघून विषम एकाला आणि सम दुसऱ्याला दिले. ज्ञानकोशाचे अर्धे खंड इकडं आणि अर्धे तिकडं अशी गत झाली असणार! फुरॉन म्हणून एक भाग आहे, १९६३ मध्ये तो फ्रेंच प्रांतातून काढून डच प्रांताला जोडला, तिथला महापौर डच येतंय हे दाखवायला तयार होईना आणि १९८७ मध्ये त्या वादात अख्खं सरकार गेलं. हे वाचताना बेळगावच्या माणसाला परकं असं काहीच वाटत नाही. महापालिका बरखास्त झालेली आम्हीपण बघितलीय, पाट्यांना काळं फासलेलं बघितलंय, एक नोव्हेंबरला एकाच रस्त्यावर एकांचा राज्योत्सव आणि दुसऱ्यांचा काळा दिन बघतच मोठे झालोय.

तरीपण एका गोष्टीचा मला हेवा वाटला आणि ती फुल्यांची नाही. बार्लेच्या दोन नगरपालिकांची मिळून एक समिती आहे, ती एकत्र बसते आणि रस्ता कुणी खोदायचा, पाइप कुठून न्यायचा असल्या गोष्टी ठरवते. लायब्ररी एक आहे, दोन्हीकडच्यांची. दोन प्लॉट कुणाचे यावरून दोन देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, १९५९ मध्ये निकाल बेल्जियमच्या बाजूनं लागला, पण म्हणून गावातली गटार तुंबवून ठेवली नाही. आमचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, ८६५ गावांचा. निकाल लागेल तेव्हा लागेल, तो कुणाच्या बाजूनं लागावा यावर माझं माहेर आणि सासर दोन्हीकडचं मत एकच आहे, ते इथं लिहायची गरज नाही. पण तोवर शिनोळीतलं आणि कर्नाटकातल्या तुरमुरीतलं माणूस एका टेबलाला बसून नाल्याचं पाणी कुठं सोडायचं ते ठरवू शकत नाही, त्यासाठी दोन जिल्हे, दोन राज्यं आणि दोन राजधान्या लागतात, हे मला तिथं कॉफी पिताना फार टोचलं. आपण मोठ्या निकालाची वाट बघता बघता बारकी कामं करायची विसरलो की काय.

परत येताना टिलबर्गवरून आलो. टिलबर्ग ते टर्नहाउट अशी पूर्वी रेल्वे होती बार्लेवरून, आता रूळ काढून तिथं सायकलचा रस्ता केलाय, झाडांच्या मधून जातो, कुणाला सायकल जमत असेल तर तसंच जावं. गाडी नसेल तर ब्रेडापर्यंत ट्रेन आणि तिथून बस, बार्लेला ट्रेन नाही. अर्धा दिवस पुरतो, पण गडबडीत जाऊ नका, फुल्या शोधत गल्ल्यागल्ल्यांतून फिरायलाच मजा आहे.

रात्री बॅगा भरायच्या होत्या. वजनकाट्यावर बॅग चढव, चॉकलेट काढ, स्ट्रूपवाफलची बिस्किटं दुसऱ्या बॅगेत घाल, ह्यांचा स्वेटर अंगावरच राहू दे, असं चाललं होतं आणि मधेच माहेरी वहिनीला व्हिडिओ कॉल लावला, तिथं मध्यरात्र उलटून गेली होती पण भाच्याची परीक्षा असल्यामुळं ती जागीच होती. मी तिला फुल्यांचे फोटो दाखवले, पुढच्या दाराचा नियम सांगितला, त्या म्हातारीची दार-खिडकीची गोष्टपण सांगितली. वहिनीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय, पण वन्सं, पेन्शन कुठल्या बाजूला जास्त आहे ते विचारलासा काय? म्हातारीनं उगंच नाही भिंत फोडली." पुतण्या बॅगेची चेन ओढता ओढता थांबला आणि मोबाईल काढून शोधायलाच लागला.