फ्लॅगला विचारलं कोणी?

शाखांचे फोन आमच्यापर्यंत सहसा येत नाहीत. मध्ये सपोर्टच्या दोन पायऱ्या आहेत आणि दोन्हींचं मुख्य काम तिकिटाची प्रायॉरिटी वरखाली करणं हे आहे. त्या दिवशी मात्र क्लायंटच्या सपोर्टवाल्याने थेट कॉन्फरन्सवर घेतलं. पलीकडे कराडकडच्या एका शाखेतले कर्ज विभागाचे अधिकारी होते. आवाजात तक्रार नव्हती, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "मॅडम, गिऱ्हाईक समोर बसलंय. स्क्रीनवर व्याजाचा एक आकडा दिसतोय आणि त्यांच्या ईमेलवर गेलेल्या पत्रात दुसराच आहे. दीडशे रुपयांचा फरक पडतोय. आता मी यांना खरं कुठलं म्हणून सांगू?"

आम्ही पुण्यात बसून एका गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा, स्प्रिंग बूट हा तिचा तयार सांगाडा, मागे एक भलामोठा डेटाबेस. कर्जदार मध्येच मोठी रक्कम भरतो, म्हणजे पार्ट-पेमेंट करतो, तेव्हा शेवटच्या हप्त्यापासून त्या दिवसापर्यंतचं व्याज काढावं लागतं. जुना हिशेब महिना तीस दिवसांचा आणि वर्ष तीनशे साठ दिवसांचं धरायचा. नवा हिशेब प्रत्यक्ष दिवस मोजतो आणि 365 ने भागतो. समजा बाकी मुद्दल दहा लाख, दर 9 टक्के, हप्ता 5 जुलैला गेला आणि पैसे 5 ऑगस्टला भरले. जुन्या हिशेबाने व्याज 7,500 रुपये. नव्याने 31 दिवस भरतात आणि रक्कम होते 7,643 रुपये 84 पैसे. फेब्रुवारीचे अठ्ठावीस दिवस मध्ये आले तर तोच नवा हिशेब 6,904 रुपयांवर येतो, म्हणजे ग्राहकाचा फायदा. बदल योग्यच होता, त्यावर वाद नव्हता. वाद होता तो हा बदल एकदम सगळ्यांना लावायचा की हळूहळू.

हळूहळू लावायचा ठरलं, म्हणून फीचर फ्लॅग आले, म्हणजे कोड तोच ठेवून एखादी सोय बाहेरून चालू-बंद करायची बटणं. बाहेरची क्लाउड सेवा क्लायंटच्या सिक्युरिटीवाल्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये उडवून लावली. अनलीश हे फ्लॅग सांभाळणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, पण तो आणखी एक सर्व्हर सांभाळणार कोण, या प्रश्नावर सगळे आपापल्या लॅपटॉपमध्ये बघायला लागले. राहिलं टॉगल्झ, फ्लॅगसाठीची जावाची लायब्ररी. तिची जार फाइल आपल्याच अॅप्लिकेशनमध्ये बसते, स्प्रिंग बूटचा स्टार्टर तयार आहे, एक एनम, म्हणजे ठरावीक नावांची यादी, लिहायचा, त्यातला प्रत्येक घटक म्हणजे एक फ्लॅग, आणि कोडमध्ये विचारायचं की हा अॅक्टिव्ह आहे का. फ्लॅगची स्थिती आपल्याच डेटाबेसमध्ये राहते. वेगळं काही चालवायला नको.

कोड लिहायला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो चार कॉलमच्या एका टेबलला. टॉगल्झचं जेडीबीसी रिपॉझिटरी, म्हणजे फ्लॅगची स्थिती डेटाबेसमध्ये ठेवणारा भाग, पहिल्यांदा सुरू होताना आपलं टेबल आपणच तयार करतं. फ्लॅगचं नाव, चालू की बंद, स्ट्रॅटेजी (कुणासाठी चालू हे ठरवणारा नियम) कोणती, तिचे पॅरामीटर, एवढेच कॉलम. लॅपटॉपवर हे फार गोड वाटतं. प्रॉडक्शनमध्ये अॅप्लिकेशनच्या डेटाबेस यूजरला टेबल बनवायचा अधिकार नसतो, आणि नसावाच. मग बिल्डरमध्ये टेबल बनवणं बंद करायचं, स्क्रिप्ट वेगळी लिहायची, ती डीबीएकडे, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे पाठवायची, आणि 'हे टेबल कुठल्या मॉड्यूलचं, याचा डेटा किती वर्षं ठेवायचा' या फॉर्मची उत्तरं भरायची. आमचा डीबीए माणूस चांगला आहे, पण दहा ओळींच्या टेबलसाठी त्याने पार्टिशनिंगची, म्हणजे टेबलाचे तुकडे पाडायची, चौकशी केली तेव्हा मी चहाला उठून गेले.

एका गोष्टीचा मात्र मला अजून अभिमान आहे. पहिल्या रिव्ह्यूमध्ये फ्लॅगची विचारणा हप्त्यांच्या लूपच्या आत होती, म्हणजे दर हप्त्याला एकदा. वीस वर्षांचं कर्ज म्हणजे 240 हप्ते, आणि कॅश (आधीचं उत्तर थोडा वेळ लक्षात ठेवायची सोय) नसेल तर टॉगल्झ दर विचारणेला डेटाबेसकडे जातं. एक परतफेडीचं वेळापत्रक दाखवायला 240 वेळा तोच प्रश्न, तेच उत्तर. विचारणा लूपच्या बाहेर काढली, वर कॅशिंग रिपॉझिटरी गुंडाळली, काही सेकंदांची मुदत दिली. प्रत्येक पॉडची, म्हणजे अॅप्लिकेशनच्या एकेका चालू प्रतीची, कॅश वेगळी, त्यामुळे फ्लॅग बदलल्यावर थोडा वेळ एक पॉड हो म्हणेल आणि दुसरा नाही, हेही डॉक्युमेंटमध्ये ठळक लिहून ठेवलं. ते डॉक्युमेंट कुणी उघडलं असेल असं वाटत नाही.

आता टक्केवारीबद्दल. टॉगल्झमध्ये ग्रॅज्युअल नावाची स्ट्रॅटेजी आहे, तिला दहा सांगितलं की दहा टक्के यूजरना नवी सोय दिसते. क्लायंटच्या प्रॉडक्ट मॅनेजरना ही कल्पना फारच आवडली. बटणाचा रंग बदलायचा असेल तर मलाही आवडेल. पण व्याज हा रंग नाही. दहापैकी एकाला वेगळ्या नियमाने व्याज लावायचं, तर तो एक कोण आणि का, हे कुणीतरी कुठेतरी सांगू शकलं पाहिजे. मीटिंगमध्ये मी हे म्हटलं. 'फेज्ड रोलआउट' हे शब्द तोवर स्लाइडवर चढले होते, आणि स्लाइडवर चढलेलं खाली उतरत नाही. फ्लॅग दहा टक्क्यांवर चालू झाला.

शाखेचा तो फोन ठेवला आणि आधी टॉगल्झच्या कन्सोलवरून फ्लॅग बंद केला. डिप्लॉयमेंट नाही, परवानगीची साखळी नाही, काही सेकंदांत सगळे पॉड जुन्या हिशेबावर आले. फ्लॅगचं हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. तोवर ज्यांचे व्यवहार होऊन गेले होते त्यांचं काय, हा प्रश्न मात्र तसाच होता.

मग लॉग, म्हणजे सिस्टिम स्वतः लिहून ठेवते त्या नोंदी, उघडले. एकाच पार्ट-पेमेंटच्या दोन ओळी शेजारीशेजारी ठेवल्या. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाची वाट. पहिल्या ओळीत थ्रेडचं नाव स्क्रीनच्या विनंत्या हाताळणाऱ्या टॉमकॅट वेब सर्व्हरच्या एचटीटीपी थ्रेडचं, फ्लॅग चालू, नवा हिशेब. दुसरी ओळ काही मिलिसेकंदांनंतरची, थ्रेडचं नाव 'टास्क' पासून सुरू होणारं, फ्लॅग बंद, जुना हिशेब. खातं तेच, रक्कम तीच, पॉडसुद्धा तोच. कॅशचा प्रश्नच नव्हता.

ग्रॅज्युअल स्ट्रॅटेजीचा सोर्स उघडून वाचला. छोटासाच आहे. आधी बघते, यूजर आहे का आणि त्याला नाव आहे का. असेल तर नाव लहान लिपीत करून त्याचा हॅश, म्हणजे अक्षरांवरून ठरणारा एक आकडा, काढते, शंभरने भागते, बाकी टक्केवारीपेक्षा कमी आली तर हो. यूजर नसेल तर सरळ नाही. आणि यूजर कुठून येतो? आम्हीच जोडलेल्या यूजर प्रोव्हायडरमधून, जो स्प्रिंग सिक्युरिटीला विचारतो की आत्ता लॉगिन कोण आहे. ही माहिती थ्रेडलोकलमध्ये असते, म्हणजे त्या थ्रेडपुरतीच. पत्राची पीडीएफ बनवून पाठवायचं काम वेगळ्या थ्रेडवर ढकललेलं आहे, नाहीतर शाखेतला माणूस स्क्रीनकडे बघत बसेल. त्या थ्रेडला कुणी लॉगिन केलेलंच नसतं. रात्री खातेउतारे काढणाऱ्या जॉबला तर कधीच नसतं. म्हणून स्क्रीन आणि लेजरमध्ये नवा आकडा, पत्रात आणि उताऱ्यात जुना.

लायब्ररीचं काही चुकलं नव्हतं. माणूसच नाही तर दहा टक्क्यांत तो बसतो का, याचं 'नाही' हे उत्तर अगदी सरळ आहे. टेस्टही सगळ्या हिरव्या होत्या, कारण टेस्टमध्ये फ्लॅग एकतर पूर्ण चालू असायचा नाहीतर पूर्ण बंद. दहा टक्के आणि यूजर गायब, असं एकत्र कुणीच चालवून पाहिलं नव्हतं.

दुपारी क्लायंटकडून विचारणा आली की एकाच शाखेतून तक्रार कशी, तिथलं नेटवर्क तपासा. आमच्याकडे काहीही बिघडलं की तालुक्याच्या गावचं नेटवर्क हे पहिलं कारण असतं. पण प्रश्न बरोबर होता. दहा टक्के म्हणजे सगळीकडे थोडेथोडे लोक विखुरलेले असायला हवेत. एकाच शाखेत प्रत्येक पार्ट-पेमेंटला फरक का पडावा?

याचं उत्तर शोधायला संध्याकाळ झाली, आणि ते सापडलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या टेस्टरला ओढून आणून दाखवलं. आमच्या ॲपचे यूजर म्हणजे शाखेतले कर्मचारी. ग्राहक लॉगिन करतच नाही. त्यामुळे दहा टक्के होते ते कर्मचाऱ्यांचे, कर्जदारांचे नव्हेत. आणि कर्मचाऱ्याचा कोड म्हणजे आधी शाखेचा क्रमांक, मग 01, 02, 03 असा अनुक्रम. जावाचा स्ट्रिंग हॅश प्रत्येक अक्षराला 31 च्या घातांनी गुणत जातो आणि शेवटच्या अक्षराचं वजन एकच असतं. म्हणजे दोन कोडमध्ये फक्त शेवटचा आकडा एकाने वेगळा असेल तर हॅशही एकानेच वेगळा. एका शाखेतल्या 01 ते 09 कोडांचे हॅश लागोपाठ येतात, शंभरने भागल्यावरची बाकीही लागोपाठ. ही माळ शून्य ते नऊच्या घरात पडली तर अख्खी शाखा आत, पूर्ण बाहेर पडली तर अख्खी बाहेर, काठावर पडली तर थोडे आत, थोडे बाहेर. टेस्टरने सगळे कोड एका छोट्या प्रोग्रॅममधून काढले. बहुतेक शाखांत कुणीच नाही, काही ठिकाणी निम्मेअर्धे, आणि कराडकडच्या त्या शाखेत जवळजवळ सगळेच. डॅशबोर्डवर मात्र शांतपणे दहा टक्के लिहिलेलं.

जिथे निम्मेअर्धे कर्मचारी आत होते त्या शाखांचा विचार माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तिथे एकच कर्जदार या टेबलावर बसला असता तर एक आकडा, पलीकडच्या टेबलावर बसला असता तर दुसरा. तिथून कुणाचा फोन आला नव्हता, एवढंच.

त्या आठवड्यात कुणीतरी ग्रुपवर नाइट कॅपिटलची गोष्ट टाकलीच. फ्लॅगचा विषय निघाला की ती निघतेच. 1 ऑगस्ट 2012, अमेरिकेतली शेअर व्यवहार करणारी कंपनी, आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड पोहोचला नाही, आणि नव्या कामासाठी जो फ्लॅग वापरला होता तो त्या सर्व्हरवर कित्येक वर्षं बंद पडलेल्या जुन्या कोडला जागं करणारा होता. पाऊण तासात 46 कोटी डॉलरच्या वर नुकसान. आमचा फरक दीडशे रुपयांचा. पण एकच फ्लॅग दोन ठिकाणी दोन अर्थांनी वाचला गेला, तेवढं साम्य मला टोचतं.

दुरुस्तीचं म्हणाल तर लॉगिनची माहिती दुसऱ्या थ्रेडवर पोहोचवणारा एक्झिक्युटर स्प्रिंग सिक्युरिटीत तयार मिळतो. तो लावून मोकळं व्हा, असं बऱ्याच जणांचं मत होतं. त्याने पत्र सुधारलं असतं, पण रात्रीच्या जॉबला लॉगिन कुठून आणणार? मी अडून बसले. शेवटी ठरलं ते असं: पार्ट-पेमेंटची नोंद होताना फ्लॅगला एकदाच विचारायचं आणि कुठल्या पद्धतीने हिशेब झाला ते त्या नोंदीतच एका कॉलममध्ये लिहून ठेवायचं. पत्र, उतारा, पुढचं वेळापत्रक, सगळ्यांनी तो कॉलम वाचायचा. फ्लॅगकडे परत जायचं नाही. टक्केवारी काढून टाकली आणि शाखेच्या क्रमांकावर चालणारी आमची स्वतःची स्ट्रॅटेजी लिहिली, म्हणजे निदान 'तुमच्या शाखेत अमुक तारखेपासून' असं माणसाला सांगता येतं. नवा कॉलम म्हणजे पुन्हा डीबीए, पुन्हा फॉर्म. या वेळी त्याने काही विचारलं नाही.

आणि त्या अधिकाऱ्यांचा प्रश्न? क्लायंटने ठरवलं की ग्राहकाला जो आकडा कमी पडेल तो धरायचा आणि फरक खात्यात परत जमा करायचा. मी फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण बरोबर कुठला होता?" धोरणाप्रमाणे नवा बरोबर. पण लेखी कागद ग्राहकाच्या हातात होता तो जुन्या हिशेबाचा, आणि तोही आमच्याच सिस्टिमने, आमच्याच लेटरहेडवर दिलेला. मी नवा म्हणून सांगितलं. ते 'बरं' म्हणाले, पण पटल्यासारखं वाटलं नाही, आणि मलाही ते उत्तर पुरेसं वाटलेलं नाही.

आता नवे आर्किटेक्ट आले आहेत. त्यांना टॉगल्झ काढून ओपनफीचरवर, म्हणजे फ्लॅग विचारायच्या एका सामायिक मानकावर जायचं आहे. कल्पना वाईट नाही. मागचा पुरवठादार कुठलाही असो, कोडमध्ये विचारायची पद्धत एकच राहते, आणि दर विचारणेला डीफॉल्ट उत्तर सोबत द्यावंच लागतं. प्रेझेंटेशन संपल्यावर मी एवढंच विचारलं की रात्रीच्या जॉबमध्ये 'टार्गेटिंग की' म्हणून, म्हणजे कुणासाठी विचारतोय ती ओळख म्हणून, काय जाणार. ते म्हणाले, चांगला प्रश्न आहे, तिकीट काढू. तिकीट निघालं, माझ्याच नावावर, प्रायॉरिटी लो.