संत्र्याचा मसाला चहा: आमची वाटचाल

2019 च्या डिसेंबरमधे मिस्टरांच्या मित्राने एक डबा आणून दिला होता, सुटी चहापत्ती, त्यात संत्र्याची साल, दालचिनी, लवंग. कोरा प्यायचा. नाशिकच्या थंडीत तो चहा इतका आवडला की डबा संपल्यावर मी मेन रोड, कॉलेज रोड, ऑनलाईन सगळीकडे तसाच शोधत होते, पण मनासारखा मिळेचना. एकतर डिप डिप, नाहीतर पाकीट फोडलं की संत्र्याच्या गोळीसारखा वास आणि कपात चव शून्य, कारण नुसता वरून फ्लेवर मारलेला. एकदा ऑरेंज पेको वाचून मोठ्या आशेने पाकीट आणलं, तर ऑरेंज पेको ही चहाच्या पानाची ग्रेड असते, संत्र्याचा काही संबंध नाही. अजूनही बरेच जण ते संत्र्याचा चहा समजून घेतात, म्हणून मुद्दाम सांगतेय.

माझ्या जावेचं माहेर नागपूरजवळच्या काटोलचं. दिवाळीनंतर आंबिया बहार (संत्र्याचं हिवाळ्यातलं पीक) निघाला की आमच्याकडे संत्र्याचे क्रेट येतात. ती म्हणाली, ताई, बाहेर काय शोधताय, साल तर आपण रोज फेकतोय. झालं, तिथून घरचा चहा बनवून विकायची सुरुवात!

नागपुरी संत्र्याची साल सैल, हाताने सुटते, आतला पांढरा भाग पण पातळ. चहा कडू होतो तो त्या पांढऱ्यामुळे, म्हणून आम्ही तो चमच्याने खरवडून काढतो. सुगंध असतो वरच्या केशरी भागातल्या तेलात. पहिल्या वर्षी गच्चीवर कडक उन्हात वाळवली तर रंग गेला आणि वासही उडाला. मग पिंपळगावचे आमचे एक नातेवाईक म्हणाले, बेदाणा सावलीतच वाळवतो ना आपण, मग साल उन्हात का घालता? त्यांचं बेदाण्याचं शेड नोव्हेंबर ते जानेवारी रिकामंच असतं, द्राक्षं नंतर येतात. तेव्हापासून आमची साल तिथल्या जाळ्यांवर वाळते, खालून वरून वारा, ऊन नाही. चार-साडेचार किलो ओली साल घातली की जेमतेम किलोभर हाताला लागते. वाकवली की कट्कन मोडली पाहिजे, नुसती वाकली तर परत जाळीवर. हे मी फार कडक बघते, कारण 2021 च्या पावसाळ्यात थोडी दमट साल पॅक झाली आणि डब्यात बुरशी आली, सगळे डबे परत घेऊन पैसे परत केले, त्या आठवड्यात मला झोप नव्हती.

त्याच वर्षी साल कमी पडली म्हणून एका व्यापाऱ्याकडून संत्री घेतली, ती निघाली किन्नू, म्हणजे उत्तरेकडचा संत्र्याचा संकरित प्रकार, वरून मेण लावून चकचकीत केलेली. गरम पाणी ओतलं की कपावर तवंग. तेव्हापासून काटोलच्या बागेशिवाय साल घेत नाही, संपली की संपली.

चहापत्तीत पण खूप प्रयोग केले. सीटीसी, म्हणजे नेहमीची दाणेदार पत्ती, दुधाच्या चहाला छान, पण कोरी केली की तिच्यापुढे संत्रं दबतं. दार्जिलिंग नाजूक, लवंगेखाली मरून जाते. शेवटी निलगिरीची ऑर्थोडॉक्स, म्हणजे वळलेलं पान, तीच बसली. दालचिनी पातळ, पदरापदराची घेतो, जाड कडक दालचिनी जास्त तिखट लागते. 100 ग्रॅममधे पत्ती 78, साल 15, दालचिनी 5, लवंग 2. लवंग यापेक्षा जास्त नको, दातदुखीच्या औषधासारखा वास येतो.

एका काकूंनी फोन केला, अगं पहिला चमचा फिक्का आणि शेवटचा जहाल. अगदी बरोबर होतं त्यांचं! लवंगा जड, त्या तळाला जाऊन बसत होत्या. आता साल, दालचिनी, लवंग सगळं पत्तीएवढ्याच आकाराचं तुकडे करून मिसळतो, तरी चमचा घालायच्या आधी डबा एकदा हलवा.

आणि प्लीज उकळू नका. आपल्याकडे सवय आहे गॅसवर खळखळ करायची, पण याचं पाणी उकळून गॅस बंद करा, एका कपाला सपाट चमचा, वर झाकण, चार मिनिटं. झाकण हवंच, नाहीतर तेलाचा वास वाफेबरोबर जातो. गूळ चालतो, दूध नको.

आता एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचं) रजिस्ट्रेशन आहे, मी, जाऊ आणि सीझनला साल सोलायला गल्लीतल्या चौघीजणी. सोललेल्या फोडी त्या डबे भरून घरी नेतात, पोरं वाटच बघत असतात. या वेळची पहिली खेप नागपूरहून सेवाग्राम एक्सप्रेसने आली, जावेचा भाऊ स्वतः घेऊन आला, नाशिक रोडला क्रेट उतरवले तेव्हा अख्ख्या प्लॅटफॉर्मवर संत्र्याचा वास सुटला होता.