अहवालाखालची सही

कानांची तपासणी हे माझे काम असल्यामुळे ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शंका माझ्याकडे बहुतेक वेळा बहिरेपणाची शंका म्हणूनच येते. हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही, दोन वर्षे उलटली तरी शब्द फुटलेले नाहीत, त्या अर्थी त्याला ऐकूच येत नसणार, असा घरच्यांचा साधा हिशेब असतो आणि त्यात गैर काही नाही. बोलण्याला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी आधी व्हावी, असेच आमचे शास्त्रही सांगते. इंदूरमध्ये श्रवण आणि वाचा या विषयांची तज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षे काम करते आहे. पुढची हकिगत शहरातल्या एका मराठी कुटुंबाची आहे, आणि त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा २ वर्षे ८ महिन्यांचा होता. बरोबर आई, वडील आणि आजी आले होते. ‘बेरा’ या श्रवणचाचणीसाठी मूल गाढ झोपलेले असावे लागते, म्हणून त्याला पहाटेपासून जागे ठेवले होते आणि त्या जागरणाने मुलापेक्षा आजीच अधिक दमलेल्या दिसत होत्या. “अहो मॅडम, ह्याला ऐकू येतं की नाही तेवढं एकदा सांगा, म्हणजे पुढचं बघता येईल,” त्या म्हणाल्या. मूल झोपेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत बसले होते. आजीच्या पिशवीत शेवेचे पाकीट नुसते चुरचुरले तरी त्याची मान तिकडे वळत होती. आईने तीनदा नाव घेऊन हाक मारली तेव्हा मात्र तो खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत राहिला. हवे ते मिळवण्यासाठी त्याने आईचे मनगट धरून तिचा हात पिशवीपर्यंत नेला, पण तिच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिले नाही. असे पाहिले की मला अंदाज येतो. अंदाज म्हणजे निदान नव्हे, आणि या निदानाचा अधिकार माझ्याकडे नाही, हेही तितकेच खरे.

चाचणी सरळ झाली. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड लावून कानात टिक-टिक असा आवाज सोडला जातो आणि श्रवणनाडीपासून मेंदूच्या मूळापर्यंत त्याचा प्रतिसाद कसा पोहोचतो ते पडद्यावर लहरींच्या रूपात उमटते. त्यातली पाचवी लहर दोन्ही कानांत ३० डेसिबल इतक्या हळू आवाजापर्यंत स्पष्ट मिळाली. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेले नव्हते आणि आतल्या कानातून परत येणारा सूक्ष्म ध्वनीही मोजता आला. ऐकण्यात दोष नाही, असे मी सांगितले तेव्हा आजींनी हात जोडले, पण वडिलांचा चेहरा उतरला. “म्हणजे ते म्हणतात तेच खरं,” असे म्हणत त्यांनी एक फाइल माझ्यापुढे ठेवली.

फाइलमध्ये शहरातल्या एका ‘बालविकास केंद्रा’चा एक पानी अहवाल होता. ‘ऑटिझम : ७० टक्के’ असे ठळक अक्षरांत छापले होते, खाली सहा महिन्यांच्या थेरपीचे पॅकेज, आगाऊ भरायची रक्कम आणि त्याच संध्याकाळपर्यंत पैसे भरल्यास मिळणारी सवलत. सही होती, नावाआधी ‘डॉ.’ होते, पदवी नव्हती आणि नोंदणी क्रमांकही नव्हता. मुलाला किती वेळ पाहिले, असे मी विचारले. आई म्हणाली, “पंधरा-वीस मिनिटं. त्यातही प्रश्न मलाच विचारले, हा बाहेर बॉलशी खेळत होता.”

ते प्रश्न फाइलला जोडलेले होते आणि मला ते ओळखीचे होते. लहान मुलांमधली ऑटिझमची शंका चाचपण्यासाठीची ती ‘एम-चॅट’ नावाची २० हो-नाही प्रश्नांची यादी होती. ही यादी चांगली आहे आणि मोफत उपलब्ध आहे, परंतु ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे आणि हा मुलगा ३२ महिन्यांचा होता. शिवाय ती केवळ चाळणी आहे. गुण ३ ते ७ आले तर शंका दाखवणाऱ्या उत्तरांविषयी पालकांना पुन्हा सविस्तर विचारायचे असते, ८ किंवा अधिक आले तर सरळ पुढच्या तपासणीसाठी पाठवायचे असते. ‘ऑटिझम आहे’ असे वाक्य या यादीतून निघूच शकत नाही, मग टक्केवारी तर दूरच. आपल्याकडे टक्केवारीचा संबंध दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राशी आहे. त्यासाठी ४० मुद्द्यांची ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात आणि प्रमाणपत्र सरकारने नेमलेले वैद्यकीय अधिकारी देतात. खासगी केंद्राने पंधरा मिनिटांत काढलेल्या ‘७० टक्क्यां’ना काहीच आधार नसतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. त्या पानावरचा निष्कर्ष अखेरीस बरोबर ठरण्याची शक्यता आहे, असे मला त्याच वेळी वाटत होते. त्यामुळे “हे सगळे खोटे आहे, घरी जा” असे म्हणणे सोपे असले तरी अप्रामाणिक झाले असते. मुलाला मदतीची गरज होती. ती कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी आणि किती, हे ठरवणारा माणूस मात्र सापडायचा होता.

“मग बरोबर माणूस कोण, ते तरी सांगा,” वडील म्हणाले. ते बँकेत नोकरी करतात. कागद कसा वाचावा हे त्यांना कळते, फक्त या कागदात काय शोधायचे ते कोणी सांगितले नव्हते. मी त्यांना भिंतीवरचे माझे प्रमाणपत्र दाखवले. भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा १९९२ चा आहे आणि त्याखाली केंद्रीय पुनर्वसन नोंदवही ठेवली जाते. वाचातज्ज्ञ, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशा १६ प्रकारच्या व्यावसायिकांची नोंद तिच्यात असते. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणे हा त्या कायद्याप्रमाणे गुन्हा असून १ वर्षापर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी त्याला शिक्षा आहे. १००० रुपयांच्या दंडाला आजच्या काळात कोण भिणार, हा प्रश्न वेगळा. पण पालकांच्या दृष्टीने खरी मेख पुढेच आहे. नोंदणी आहे एवढ्यावर थांबून चालत नाही, ती कोणत्या वर्गात आहे ते पाहावे लागते. माझे नाव त्याच नोंदवहीत आहे, पण श्रवण आणि वाचेच्या वर्गात. मी ऑटिझमच्या अहवालाखाली एकटीने सही केली, तर माझ्या क्रमांकाचा त्या सहीला काडीचाही आधार नाही.

एरवी आपल्याकडे सगळेच ‘डॉक्टर’ असतात. मला रोज कोणी ना कोणी डॉक्टर म्हणते आणि मी रोज दुरुस्त करते, तरी मान मिळतो म्हणून गप्प बसणारे पुष्कळ आहेत. मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशनाची पदविका घेतलेली व्यक्ती आणि परिषदेने मान्य केलेला दोन वर्षांचा क्लिनिकल सायकॉलॉजीचा एम.फिल. केलेली व्यक्ती यांच्या पाट्या रस्त्यावरून सारख्याच दिसतात. वडिलांना मी एका कागदावर लिहून दिले: लहान मुलाच्या ऑटिझमचे निदान विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ, बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांनी करावे, डॉक्टर असतील तर वैद्यक परिषदेची नोंदणी पाहावी, सायकॉलॉजिस्ट असतील तर पुनर्वसन परिषदेची, आणि ती चालू आहे ना, हेही पाहावे. स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांचे म्हणणे त्यात जोडले जावे, कारण मूल त्यांच्याकडे वेगळे दिसते.

त्यांनी माझ्यासमोरच केंद्राला फोन लावून सही करणाऱ्यांचा नोंदणी क्रमांक विचारला. समोरून आधी “सर इंटरनॅशनल सर्टिफाइड हैं” असे उत्तर आले, मग “मीटिंगमध्ये आहेत” असे आणि शेवटी “क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो” असे. तो आला नाही. पैसे भरायचे त्यांनी थांबवले. सवलत गेली, असे आजी थोड्या हळहळून म्हणाल्या.

पुढचे काम अवघड होते, कारण अधिकार असलेली माणसे थोडी आणि त्यांच्या दारातली रांग मोठी. इंदूर त्यातल्या त्यात सुदैवी शहर आहे. येथे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे एम.वाय. रुग्णालय आहे, खासगी तज्ज्ञही आहेत. धार किंवा खरगोनहून येणाऱ्यांना एका तपासणीसाठी अख्खा दिवस आणि दोन माणसांची मजुरी घालवावी लागते. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे आणि तेथे तपासणीला पैसे पडत नाहीत; केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र भोपाळला आहे. मी या वाटा सांगितल्या आणि माझ्या माहितीतल्या, नोंदणी तपासलेल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबाईंनाही फोन केला. तारीख काही आठवड्यांनंतरची मिळाली. तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नव्हते. निदानाचा शिक्का नसला तरी संवादाचे काम सुरू करता येते, आणि ते आम्ही त्याच आठवड्यात सुरू केले. “मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षे थांबा,” असा सल्ला या कुटुंबाला आधी मिळाला होता. अनुभवी तज्ज्ञाला मूल दोन वर्षांचे होण्याच्या सुमारास पुष्कळदा खात्रीचे निदान करता येते, त्यामुळे हा सल्ला मला फार महाग वाटतो.

फोनवर मी त्या बाईंना एक विनंती केली होती. त्या उत्तम आहेत, पण हिंदी भाषक आहेत. या घरात मराठी बोलतात, गल्लीत हिंदी आणि ज्या नर्सरीत त्याला घातले होते तेथे इंग्रजीचा आग्रह. मुलाचा सगळा शब्दसंग्रह म्हणजे आजीकडून उचललेले मोजके मराठी शब्द. त्याला कोणी “गेंद दो” म्हटले आणि त्याने दिला नाही, तर त्याला समजले नाही की हिंदीत समजले नाही, हे कसे ठरणार? त्यांनी लगेच मला हजर राहायला सांगितले. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही आणि मूल मुकेही होत नाही, हे त्यांनी आई-वडिलांना पहिल्याच भेटीत स्पष्ट केले, कारण नर्सरीतून “घरी मराठी बंद करा” असा निरोप आला होता. मला त्या निरोपाचा राग आला होता. आजी ज्या भाषेत त्याला जवळ घेतात तीच बंद केली, तर मूल बोलायला शिकणार कोणाशी?

तपासणी दोन बैठकींत झाली. बाई जमिनीवर बसल्या. त्यांनी साबणाचे फुगे उडवले आणि मध्येच थांबल्या. मुलगा आणखी फुगे मागतो का, मागताना त्यांच्या डोळ्यांकडे पाहतो का, हे त्यांना पाहायचे होते. त्याने बाटली त्यांच्या हातात कोंबली आणि नजर बाटलीवरच ठेवली. चावीची गाडी सोडली तेव्हा तो पोटावर आडवा होऊन चाके पाहत राहिला. बाहुलीला घास भरवण्याच्या खेळात त्याला रस नव्हता. मात्र मी मराठीत “डबा उघड, चेंडू आत टाक” म्हटले तेव्हा दोन्ही गोष्टी त्याने क्रमाने केल्या, आणि हिंदीत हेच आधी जमले नव्हते. बाईंनी तेथेच नोंद बदलली. आईकडून गरोदरपणापासूनची हकिगत, पहिले हसू, पहिले पाऊल, झोप, खाणे, सवयी असे सगळे विचारले. नर्सरीतल्या आणि घरातल्या चित्रफिती पाहिल्या. २ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी भारतात तयार झालेले ‘आयएनडीटी’ हे ऑटिझम तपासण्याचे साधन आणि १५ बाबींची ‘कार्स’ ही मोजपट्टी त्यांनी वापरली, रोजच्या व्यवहारातल्या कौशल्यांची वेगळी चाचणी घेतली आणि माझा श्रवण-अहवाल जोडून घेतला. वडिलांनी मोबाइलमुळे होणाऱ्या ‘व्हर्च्युअल ऑटिझम’विषयी विचारले. असे निदान कोणत्याही अधिकृत वर्गीकरणात नाही, पडद्याचा वेळ कमी करावा तो बोलण्याला वेळ मिळावा म्हणून, असे त्या म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

निदान ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डरचेच झाले. अहवाल कित्येक पानांचा होता. सामाजिक संवादातल्या अडचणी कोणत्या प्रसंगी दिसल्या, त्याच त्या कृती आणि ठरावीक आवडी कोठे दिसल्या, मुलाला काय काय येते, घरची भाषा कोणती, चाचणीची भाषा कोणती, हे सारे त्यात होते. शेवटी सही, पदवी, नोंदणी क्रमांक आणि तो कोणत्या वर्गातला तेही. टक्केवारी नव्हती. वर्षभराने पुन्हा मूल्यमापन करावे, असे लिहिले होते. “हा बोलेल का?” आजींनी विचारले. “आज हो किंवा नाही म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. याला सूचना कळतात, ही जमेची बाजू आहे,” असे उत्तर त्यांना मिळाले. आजी नाराज झाल्या, आईने मात्र ते वाक्य लिहून घेतले.

मुलगा आता माझ्याकडे नियमित येतो. आम्ही अजून शब्दांच्या मागे लागलेलो नाही; हवी ती वस्तू बोटाने दाखवणे आणि दाखवताना समोरच्याकडे पाहणे, एवढ्यावरच काम चालू आहे, आणि त्यातला मोठा वाटा आई घरी उचलते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा प्रश्न राहिला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते; थेरपीचा खर्च पाहता आईला अर्ज आताच करायचा आहे. वडिलांना तो शाळाप्रवेशानंतर करायचा आहे, कारण दाखला पाहून शाळा दार लावून घेतील अशी त्यांना धास्ती वाटते. कायद्याने शाळांना तसे करता येत नाही, हे मी त्यांना सांगितले आहे. तरी त्यावर घरात अजून एकमत झालेले नाही.